दोनाचे चार हात

दिवाळी सरते न सरते तोच तुळशीचे लग्न येते, आणि तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांना ऊत येतो. डब्याच्या तळाशी चकल्यांचा चुरा उरलेला असतो, तेव्हाच घरोघर मुलामुलींच्या पत्रिका बाहेर पडतात. पूर्वी त्या ट्रंकेतून निघत, आता मोबाइलमधून निघतात. फरक म्हणाल तर एवढाच. नेमक्या याच सुमारास या सदराकडे एका ठराविक तऱ्हेची पत्रे येऊ लागतात. लिहिणारे बहुधा वडील असतात, क्वचित थोरला भाऊ. अक्षर नेटके, मायना व्यवस्थित, आणि अखेरीस 'नाव-गाव छापू नये' ही विनंती दोनदा अधोरेखित केलेली.

यंदाचे एक पत्र आज वाचकांपुढे ठेवतो. लिहिणाऱ्या गृहस्थांचा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत अभ्यासात बरा, क्रिकेटचा नाद, चार मित्रांत मिसळणारा. मग हळूहळू त्याने खोली धरली. रात्रभर जागतो, दिवसा झोपतो. अंघोळीला टाळाटाळ करतो. एकटाच बसून पुटपुटतो, मध्येच हसतो. समोरच्या बिऱ्हाडातले लोक आपल्यावर पाळत ठेवतात, मोबाइलमधून आपले बोलणे ऐकतात, असे म्हणून त्याने फोन विहिरीत टाकला. गेल्या श्रावणापासून तो आईच्या हातचे जेवत नाही, कारण त्यात काहीतरी कालवलेले असते असे त्याला वाटते. बाजारातून स्वतः केळी आणतो आणि सोलून खातो. आजी म्हणते करणी, मामा म्हणतात माज. अंगारेधुपारे झाले, एका देवस्थानी एकवीस दिवस सेवा झाली. आता सगळ्या नातलगांचे एकमत झाले आहे की दोनाचे चार हात करून टाका, आपोआप ताळ्यावर येईल. मुलगी पाहून ठेवली आहे. गरिबाघरची आहे. मार्गशीर्षातला मुहूर्त आहे. गृहस्थांचे प्रश्न दोनच: लग्नाने मुलगा सुधारेल का? आणि मुलीकडच्यांना हे सांगितलेच पाहिजे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे आणि दुसऱ्याचे 'होय' असे आहे. परंतु नुसत्या होय-नाहीने कोणाचे समाधान होत नाही. घरातली चार वडीलधारी माणसे उलट सांगत असली म्हणजे तर मुळीच होत नाही.

लग्नाने वेड जाते ही समजूत आली कोठून? ती अगदीच आकाशातून पडलेली नाही. मनाचे जे मोठे आजार आहेत ते बहुतेकांना पंधरा ते तिशीच्या दरम्यान पहिल्यांदा गाठतात. मुलांना मुलींपेक्षा थोडे आधीच. आपल्याकडे लग्नाचे वयही तेच. तेव्हा आजार आणि अक्षता एकमेकांच्या आसपास येणार, हे उघड आहे. त्यातून हे आजार समुद्रासारखे असतात. त्यांना भरती असते आणि ओहोटीही असते. ओहोटीच्या काळात लग्न लागले आणि मुलगा वर्षभर बरा राहिला तर ते सुनेच्या पायगुणाने झाले असे म्हणतात. पुढे भरती आली तर तीही सुनेच्याच पायगुणाने आली असे म्हणतात. बिचारीचे पाय दोन्हीकडून अडकलेले!

आता या मुलाला झाले आहे तरी काय? पत्रावरून निदान करणे हा आगाऊपणा ठरेल. ते मानसोपचारतज्ज्ञाने, मुलाला समोर बसवून करायचे काम आहे. गांजाने असे होऊ शकते, मेंदूच्या सुजेने होऊ शकते, फेफऱ्याच्या काही प्रकारांत होते, थायरॉइड बिघडल्यानेही माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो. हे सगळे आधी तपासावे लागते. पण पत्रातली लक्षणे ज्या आजाराकडे बोट दाखवतात त्याचे नाव आता वाचकांच्या कानावरून गेलेले असते: स्किझोफ्रेनिया. आपल्या पुस्तकांतून त्याला 'छिन्नमनस्कता' म्हणतात. हे नाव मला कधीच आवडले नाही. त्याने एका माणसात दोन माणसे राहतात की काय असे वाटते, आणि सिनेमावाल्यांनी तो समज भरपूर पिकवला आहे. तसे काही नसते. युजेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरने १९०८ साली हे नाव योजले, तेव्हा विचार, भावना आणि वागणे यांची एकमेकांशी असलेली वीण उसवते, एवढेच त्याला सुचवायचे होते. जपानात तर 'मन फुटण्याचा रोग' अशा अर्थाचे जुने नाव २००२ साली सरकारीरीत्या बदलून टाकले, कारण ते नाव रुग्णाला सांगायलाच डॉक्टर कचरत.

या आजाराची दोन लक्षणे सर्वांना दिसतात. एक भास. कोणी नसताना आवाज ऐकू येतात. ते कधी शिव्या देतात, कधी हुकूम सोडतात, कधी आपसांत बोलतात. ते आवाज त्या माणसाला खरोखर ऐकू येतात. तो नाटक करीत नाही. दुसरे लक्षण भ्रम. शेजारी कट करतात, जेवणात विष घालतात, टीव्हीवरचा निवेदक मलाच उद्देशून बोलतो, अशी पक्की खात्री त्याला असते. या खात्रीशी वाद घालून उपयोग नसतो. आईने त्याच्यासमोर तोच भात खाऊन दाखवला तरी त्याला वाटते की हिने विष दुसऱ्या बाजूला घातले आहे.

तिसरे लक्षण मात्र घरातल्यांना लक्षण म्हणून दिसतच नाही, आणि सगळा घोटाळा तिथे होतो. माणूस आतून मावळत जातो. उत्साह जातो, बोलणे तुटक होते, चेहऱ्यावर हसू-आसू उमटत नाही, उठून तोंड धुणेसुद्धा डोंगर चढण्यासारखे वाटते. मामांना जो माज दिसतो तो हा. आळशी, निर्लज्ज, बापाच्या जिवावर खाणारा, अशी विशेषणे ज्याच्यावर पडतात त्याचा पाय मोडला असता तर कोणी त्याला 'चालत का नाहीस' म्हणून टोचले नसते. मेंदूत डोपामिन नावाचे एक रसायन आहे, त्याच्या कारभारात या आजारात गडबड होते एवढे नक्की कळले आहे. बाकीचे पुष्कळसे अजून कळायचे आहे. आनुवंशिकता आहे, पण ती कुंडलीसारखी अटळ नाही. आईवडिलांपैकी एकाला आजार असला तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात सुमारे दहा. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला म्हणजे दुसऱ्याला होतोच असे नाही. जवळजवळ निम्म्या जोड्यांत दुसरा सुटतो. आईने लाड केले म्हणून किंवा वडिलांनी मारले म्हणून हा आजार होत नाही, हेही ओघाने सांगून टाकतो, कारण आयांना ते ऐकण्याची फार गरज असते.

मग दोन दोन वर्षे माणसे डॉक्टरकडे का जात नाहीत? पैशाचा प्रश्न असतो, अंतराचा असतो. तज्ज्ञ शहरांत बसलेले, आणि रुग्ण खेड्यात. पण मुख्य अडथळा भीतीचा आहे. 'याला ठाण्याला पाठवा', 'त्याची रवानगी येरवड्याला करा', हे आपल्या बोलण्यातले विनोद आहेत. पुण्याच्या येरवड्यात तुरुंगही आहे आणि वेड्यांचे इस्पितळही. त्यामुळे 'येरवडा' म्हटले की ऐकणाऱ्याला कोणते घ्यावे असा प्रश्न पडतो, आणि खरे म्हणजे फारसा पडतही नाही. २०१५-१६ साली बंगलोरच्या 'निम्हान्स' या संस्थेने देशातल्या बारा राज्यांत मोठी पाहणी केली. तीत असे दिसले की मनाचे जे निरनिराळे आजार आहेत, त्यांत उपचाराविना राहिलेल्यांचे प्रमाण शंभरात सत्तरपासून ब्याण्णवपर्यंत आहे.

ही भीती निव्वळ अडाणीपणाची नव्हती, हे मात्र न्यायाने सांगितले पाहिजे. पाऊणशे-ऐंशी वर्षांपूर्वी डॉक्टरांकडे जे होते ते पाहून शहाणाही घाबरला असता. १९३३ च्या सुमारास व्हिएन्नात साकेल नावाच्या डॉक्टरने इन्शुलिनचा उपाय काढला. रुग्णाला इन्शुलिनच्या मोठ्या मात्रा टोचून बेशुद्धीत लोटायचे आणि साखर देऊन परत आणायचे. असे आठवड्यातून पाच-सहा दिवस, महिनेच्या महिने. काही जण परत येतच नसत. सगळ्या जगाने हा उपाय वीस वर्षे डोक्यावर घेतला. १९५७ साली लंडनच्या डॉक्टरांनी तो नीट पडताळून पाहिला. अर्ध्या रुग्णांना इन्शुलिनने बेशुद्ध केले, अर्ध्यांना झोपेच्या औषधाने. दोघांनाही सारखाच गुण! म्हणजे इन्शुलिनचा त्यात वाटा नव्हता. या उपायात परिचारिका रात्रंदिवस उशाशी बसलेल्या असत, खरा गुण त्याचा असावा, असे पुष्कळांचे मत पडले. मेंदूवर शस्त्रक्रिया करून माणसाला शांत करण्याचा प्रकार पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९३५ साली सुरू केला, त्याबद्दल १९४९ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. हजारो माणसे त्यामुळे शांत झाली खरी, पण ती शांतता रिकाम्या घरातली होती.

पालट झाला तो १९५२ साली, आणि तोही आडवाटेने. आंरी लाबोरी नावाचा फ्रेंच आरमारातला सर्जन शस्त्रक्रियेच्या आधी रुग्ण शांत राहावा म्हणून औषध शोधत होता. त्याच्या हाती जे आले ते पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात झाँ दले आणि पिएर देनिकेर यांनी वेड्यांना देऊन पाहिले. त्याचे नाव क्लोरप्रोमाझिन. वर्षानुवर्षे आरडाओरडा करणारी माणसे शांतपणे बोलू लागली, आणि कैक जणांचे आवाज थांबले. ज्या दालनांत दांडगे पहारेकरी लागत तिथे आता नर्सा पुरू लागल्या.

याच वर्षांत दुसरे एक औषध पुढे आले, आणि त्याची हकीकत आपल्या अधिक जवळची आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना शतकानुशतके ठाऊक. बिहारकडे तर तिला 'पागल की दवा' असेच म्हणत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी, ती उन्मादावर आणि रक्तदाबावर चालते, असे लिहून ठेवले. ते विलायतेत कोणी मनावर घेतले नाही. १९४९ साली आपल्या मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रक्तदाबावरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि मग सगळ्यांचे कान टवकारले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातले सत्त्व वेगळे काढले, रेसर्पिन. १९५४ साली न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरून गुण येतो असे दाखवले. ज्या गोष्टीसाठी आपल्याकडे ती पूर्वापार देत होते, तीच गोष्ट मुंबई, बाझल आणि न्यूयॉर्क असा फेरा मारून परत आली! पुढे रेसर्पिन मागे पडले. ते रक्तदाब फार उतरवी, आणि काही जण त्याने उदास होतात असे वाटू लागले. आज मानसोपचारात त्याचा वापर जवळजवळ उरलेला नाही, तेव्हा हा मजकूर वाचून कोणी घरी मुळी उगाळायला घेऊ नये.

तेव्हापासून पुष्कळ पाणी वाहून गेले. आजची औषधे काही दिवसांत झोप आणि अस्वस्थता ताब्यात आणतात. आवाज आणि संशय मावळायला काही आठवडे लागतात. ती फुकट मात्र काम करीत नाहीत. काहींनी हात थरथरतात, अंग ताठरते; काहींनी वजन आणि साखर वाढते. हे डॉक्टरला सांगायचे असते म्हणजे मात्रा किंवा गोळी बदलता येते. आपल्याकडे होते काय, की दोन महिन्यांत मुलगा बरा दिसू लागला की घरातलाच कोणी म्हणतो, 'आता कशाला त्या गुंगीच्या गोळ्या?' गोळी बंद होते. लगेच काही होत नाही, म्हणून सगळ्यांना वाटते की बरेच झाले. मग चार-सहा महिन्यांनी आजार परत येतो आणि ठपका गोळीवर बसतो. पहिल्या झटक्यानंतरही निदान वर्ष-दोन वर्षे औषध चालू ठेवावे, आणि थांबवायचे ते डॉक्टरने हळूहळू थांबवावे, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. काही जण एका झटक्यानंतर सावरतात आणि पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. पुष्कळ जण औषधावर राहून नोकरी-धंदा करतात. काहींचा आजार हटून बसतो, तेही लपवण्यात अर्थ नाही. ज्यांना दोन औषधांनी गुण आला नाही त्यांतल्या अनेकांना क्लोझापिन नावाच्या औषधाने येतो. फक्त त्यासाठी वेळोवेळी रक्त तपासावे लागते.

विजेच्या झटक्यांचे नाव काढले की आया रडू लागतात. १९३८ साली रोममध्ये निघालेला हा उपाय पूर्वी शुद्धीवर असलेल्या माणसाला धरून ठेवून देत. सिनेमात आजही तोच दाखवतात. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय तो देण्यास बंदी आहे. रुग्ण पाच-दहा मिनिटे झोपतो आणि उठतो. काही काळ थोडेफार विसरतो. जो माणूस अन्नपाणी सोडून भिंतीकडे तोंड करून पडला आहे, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याच्या काठाशी आहे, त्याला याच्याइतका लवकर गुण देणारा उपाय क्वचितच दुसरा असतो.

सगळ्याच आजारांना अशी औषधे लागतात असे नाही. साध्या चिंतेला, सौम्य औदासीन्याला नुसत्या बोलण्याचे शास्त्रशुद्ध उपचार पुरतात. आपल्या भाषेत 'मंत्रचळ' असा एक नामी शब्द आहे. पुन्हा पुन्हा हात धुणारा, कुलूप दहादा ओढून पाहणारा माणूस आपल्या आज्यांना चांगला माहीत होता. किंबहुना जुन्या वाड्यांतल्या कित्येक कडक सोवळ्यांच्या आड हाच आजार दडलेला असावा असा मला संशय आहे. त्याच्यावरचा उत्तम उपचार म्हणजे मळलेल्या वस्तूला हात लावून, न धुता बसण्याचा सराव, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. उन्माद आणि औदासीन्य आलटून-पालटून येणाऱ्यांना लिथियम नावाचा एक साधा क्षार उपयोगी पडतो. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी तो १९४९ साली पुढे आणला. पण पत्रातल्या मुलासारखी अवस्था असेल तिथे नुसत्या समजावणीने भागत नाही. गोळी लागतेच.

गोळी लागते, आणि तिच्या जोडीला घर लागते. घर म्हणजे नेमके काय, हे विलायतेतल्या लोकांनी मोजून काढले आहे. १९५८ साली लंडनच्या जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्पितळातून घरी गेलेल्या रुग्णांचा माग काढला. जे आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेले ते, खानावळीवजा बिऱ्हाडात राहिलेल्यांपेक्षा अधिक वेळा पुन्हा आजारी पडले! मायेच्या माणसांत माणूस बिघडतो हे कोडे सोडवायला त्यांनी घराघरांतली बोलणी टिपून घेतली. मग उलगडा झाला. ज्या घरांत टोमणे, उणीदुणी आणि राग अधिक, तिथे आजार लवकर उलटतो. आणि ज्या घरांत आई मुलाचा घाससुद्धा स्वतः भरवते, त्याला क्षणभर नजरेआड होऊ देत नाही, तिथेही उलटतो. आपल्याकडच्या टोमण्यांना शास्त्रात एवढे मानाचे स्थान मिळेल असे कोणाला वाटले असते? पुढे डॉ. नरेंद्रनाथ विग आणि सहकाऱ्यांनी चंदिगडला हीच मोजणी केली आणि १९८७ साली प्रसिद्ध केली. तिथे टोचून बोलणारी घरे लंडनपेक्षा पुष्कळच कमी निघाली. हे वाचून पाठ थोपटून घेण्याआधी आपापल्या घरातल्या मामांची आठवण ठेवावी.

याच्याही आधीची अमृतसरची गोष्ट मला या साऱ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते. फाळणीनंतरचा काळ. मानसिक रुग्णालयात दाटी, माणसे अपुरी, पैसा नाही. तिथले प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी पन्नाशीच्या दशकात रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना सांगितले की आपल्या माणसाबरोबर इथेच राहा, स्वयंपाक करा, त्याची सेवा करा. त्यांना ते स्वतः आजाराविषयी समजावून सांगत. परिणाम असा झाला की रुग्ण लवकर घरी जाऊ लागले, आणि घरी गेल्यावर त्यांना ओळखणारे, न घाबरणारे कोणी तरी असे. बाहेरच्या जगात नातेवाइकांना फाटकाबाहेर ठेवण्याची रीत होती, तेव्हाची ही गोष्ट आहे. पैशाच्या ओढाताणीतून शहाणपण सुचले म्हणा हवे तर.

याच्या उलट टोकाला काय होते ते रस्त्यावर दिसते. मुंबईचे डॉ. भरत वाटवाणी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिणारा एक तरुण पाहिला. उचलून आणून उपचार केले, तर तो आंध्रातल्या चांगल्या घरचा पदवीधर निघाला. तिथून त्यांचे काम उभे राहिले. कर्जतच्या त्यांच्या केंद्रात रस्त्यांवरून आणलेली माणसे बरी होतात आणि देशाच्या कानाकोपऱ्यातल्या आपल्या गावी पोहोचवली जातात. डॉ. भरत यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या माणसांपैकी प्रत्येकाच्या घरी एके काळी कोणीतरी 'आपोआप ताळ्यावर येईल' असे म्हटले असणार. आणि बांधून ठेवणे हा उपाय नव्हे, हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीने दाखवून दिले. तिथे एका खासगी गृहात साखळदंडांनी जखडलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण आगीत जळून गेले. त्यांना पळताच आले नाही. आता साखळी घालणे कायद्याने गुन्हा आहे.

आता त्या मुलीविषयी. गरिबाघरची आहे, हे शब्द पत्रात सहज आले आहेत, पण माझी नजर तिथून हलेना. जो मुलगा आईच्या हातचे विष समजून टाकतो, तो परक्या घरून आलेल्या मुलीच्या हातचे काय समजेल? पहिल्याच महिन्यात संशय तिच्यावर जाईल. ती माहेरी परत गेली तर लोक तिलाच विचारतील. कायदा तिच्या बाजूने आहे: १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे अशी गोष्ट दडवून लावलेले लग्न रद्द ठरवून घेता येते. परंतु कोर्टाची पायरी चढायला ज्याच्या गाठीला काही आहे त्यालाच कायद्याचा उपयोग.

हेच उलटून पाहा. मुलगी आजारी असते तेव्हा काय होते? ती गोळ्यांवर छान असते, नोकरी करते, आणि स्थळ येते. सांगितले तर मोडेल म्हणून सांगत नाहीत. लग्नाच्या आठवड्यात सासरच्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून गोळ्या बंद. हळद, मेंदी, गोंधळ, चार रात्रींची जागरणे. जागरण हे या आजारांचे मोठे निमंत्रण असते. पंधरवड्यात मुलगी बिघडते आणि 'फसवले' म्हणून माहेरी येते. चेन्नईच्या 'स्कार्फ' या संस्थेच्या डॉ. थारा आणि सहकाऱ्यांनी अशा मोडलेल्या संसारांतल्या बायकांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. पुष्कळींना नवऱ्याने टाकले होते, पण रीतसर घटस्फोट नव्हता आणि पोटगीही नव्हती; म्हाताऱ्या आईबापांवर भार. काही जणी नवरा परत नेईल म्हणून वाट पाहत होत्या. टाकलेली म्हणून होणारी बेअब्रू त्यांना आजाराच्या बेअब्रूहून अधिक बोचत होती.

मग अशा मुलामुलींनी लग्न करूच नये का? असे कोण म्हणतो? कायदाही तसे म्हणत नाही. नुसते आजाराचे नाव लागले एवढ्यावर घटस्फोट मिळत नाही, आजार किती तीव्र आहे ते पाहावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली स्पष्ट केले आहे. आधी उपचार व्हावा, मग वर्ष-दोन वर्षे प्रकृती स्थिर राहावी, हाताला काही काम असावे, आणि त्या मुलाला स्वतःला लग्न हवे असावे. पत्रभर सगळ्यांची मते आहेत, मुलाचे तेवढे नाही. मग समोरच्या मुलीला, तिच्या बापाला नव्हे, मुलीलाच, आजाराचे नाव आणि गोळीचे नाव सांगावे, आणि हवे तर डॉक्टरकडे नेऊन तिच्या शंका विचारू द्याव्यात. असे सांगून झालेली आणि नीट चाललेली लग्ने मी पाहिली आहेत. आजारी बाजू मुलीची असेल तर बाळंतपणाचा विचार लग्नाआधीच डॉक्टरशी करावा. काही गोळ्या, विशेषतः व्हाल्प्रोएट, पोटातल्या गर्भाला अपाय करतात, त्या वेळीच बदलाव्या लागतात. आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे आजार उलटण्याची भीती सर्वांत अधिक असते. बाळंतिणीची झोप राखणे हा त्या दिवसांत औषधाचाच भाग समजावा.

पत्रलेखक महाशयांनी मार्गशीर्षातला मुहूर्त मोडावा आणि त्याआधी मुलाला दाखवावे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथे औषध फुकट मिळते. कोठे जावे हेच कळत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस'ला फोन करावा. ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, रात्री-अपरात्रीही चालते आणि मराठीत बोलता येते. मुलाला 'तू वेडा झालास म्हणून डॉक्टरकडे चल' असे म्हणू नये. झोप येत नाही ही गोष्ट त्यालाही पटते. झोपेसाठी चल म्हणावे. तोही आला नाही तर आईवडिलांनी आधी जाऊन यावे, डॉक्टर पुढचे सांगतात. जाताना एक वही न्यावी. झोप कोणत्या महिन्यापासून उडाली, फोन कधी टाकला, जेवण कधी सोडले, गांजा-दारूची शंका आहे का, घराण्यात आणखी कोणाला असे झाले होते का, कोणती औषधे आणि काढे आजवर दिले, हे तारीखवार लिहावे. आणि मामांना बरोबर नेऊ नये.